उड्डाणास नकार : हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

#थ्रेड

एप्रिल १९४४. आसामातील लालाघाटहून लेफ्टनंट कार्टर हार्मन हा अमेरिकी वैमानिक सिकॉर्स्की वायआर-४बी हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशाकडे निघाला. जपानी फळीच्या पिछाडीस एक छोटे विमान कोसळले होते. त्याचा वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकून पडले होते.

उष्ण हवेत त्या दुबळ्या यंत्रास चालकाखेरीज एकाच माणसाचा भार पेलवे. हार्मनला चार खेपा कराव्या लागल्या. दोन खेपांनंतर इंजिन इतके तापले की उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. युद्धातील हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते. येथे ‘आता नाही’ हा निर्णय यंत्रानेच दिला, हे ध्यानात ठेवावे.

कोरियाच्या युद्धात बेल ४७ च्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून हजारो जखमी हलवले गेले. व्हिएतनामात आलेले ‘ह्यूई’ त्याहून कितीतरी बलवान होते. तेथील ‘डस्टऑफ’ तुकडीचा मेजर चार्ल्स केली १ जुलै १९६४ रोजी जखमींना घेण्यासाठी उतरला. गोळीबार सुरू असल्याने त्यास परत फिरण्यास सांगण्यात आले. जखमी हाती आल्याशिवाय फिरणार नाही, असे त्याने कळवले आणि तेथेच तो मारला गेला. त्याचे शौर्य निर्विवाद आहे. पण नकार न देणे हीच या सेवेची प्रतिष्ठा ठरली.

हीच सेवा पुढे नागरी जीवनात आली. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अ‍ॅडम्स काउली यांनी ‘सुवर्ण तासा’चा आग्रह धरला आणि १९७० मध्ये मेरीलँड राज्य पोलिसांची हेलिकॉप्टरे अपघातग्रस्तांना नेऊ लागली. (नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला भक्कम पुरावा पुढील अभ्यासकांना आढळला नाही, पण कल्पना रुजली ती रुजलीच.) देशभर रुग्णालयांनी अशा सेवा उभारल्या. अनेक वैमानिक व्हिएतनामहून परतलेले होते. शत्रू आता नव्हता. रात्र, धुके आणि घाई मात्र होती.

जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकांचे (विमाने धरून) ५५ अपघात होऊन ५४ जण मृत्यू पावले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या मते त्यांपैकी २९ अपघात टाळता आले असते.

मग २७ सप्टेंबर २००८ची रात्र. मोटार अपघातातील दोन तरुणींना नेण्यासाठी ‘ट्रूपर २’ला बोलावणे आले, म्हणजे काउलींच्याच मेरीलँडमध्ये, त्याच पोलीस सेवेत. हवामानाविषयी वैमानिक साशंक होता. पण दुसऱ्या एका सेवेचे हेलिकॉप्टर त्याच परिसरात उडत असल्याचे त्याला दिसले. त्यांना जमते तर आपल्यालाही जमेल, असे म्हणून त्याने होकार दिला. परतताना ढगांनी वाट अडवली. अँड्र्यूज विमानतळाकडे वळून उतरताना, जमीन दिसावी म्हणून तो वेगाने खाली आला आणि झाडांवर आदळला. पाचांपैकी चौघे गेले. एक रुग्ण तेवढी वाचली. बचावपथकास अवशेष सापडण्यास सुमारे दोन तास लागले.

माझ्या मते या चौकशीचे महत्त्व असे, की तिने एकट्या वैमानिकाकडे बोट दाखवले नाही. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा त्याचा अलीकडचा सराव तोकडा होता, नियंत्रण कक्षाकडून ताजे हवामान मिळाले नव्हते आणि जोखीम तोलण्याची पद्धत कागदावर असूनही पाळली जात नव्हती, हे सारे तिने नोंदवले. पुढे मेरीलँडने कमी गंभीर रुग्णांसाठी हेलिकॉप्टर मागवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला बंधनकारक केला आणि उड्डाणांची संख्या घटली.

२०१४ च्या संघीय नियमांनी उड्डाणापूर्वी जोखमीचे लेखी मूल्यमापन आणि भूभागाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली. दहा वा अधिक रुग्णवाहिका हेलिकॉप्टरे असणाऱ्या सेवेस स्वतंत्र नियंत्रण केंद्र ठेवणे भाग पडले.

अनेक सेवांमध्ये आज दोन संकेत पाळतात. वैमानिक, परिचारिका, पॅरामेडिक यांपैकी एकानेही नकार दिला की उड्डाण रद्द. कारण विचारून दबाव आणायचा नाही. आणि वैमानिक होकार वा नकार देईपर्यंत त्यास फक्त ठिकाण सांगायचे. जखमी कोण, वय किती, मूल आहे की म्हातारा, हे सांगायचे नाही.