स्वमग्न मुलांची भीति

१९३८ सालची गोष्ट. अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट ह्या लहानशा गांवच्या एका वकिलानें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाकडे ३३ टंकलिखित पानांचें एक पत्र धाडलें. पत्राचा विषय होता त्याचा पांच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. आईबाप खोलींत आले काय अन् गेले काय, मुलास त्याची दखल नसे. ठोकळे आणि भांडीं गरगरां फिरविण्यांत तो रमे. पण पत्रांत आणखीही एक मजकूर होता. मुलाला तीनचाकी सायकलीची दहशत होती; बळेंच बसविलें तर तो बसविणाऱ्यास घट्ट धरून ठेवी. घरीं घसरगुंडी आणली तेव्हां इतर मुलांदेखत तिच्यावर ठेवतांच तो भयानें थिजला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र, आसपास कोणी नसतां, आपण होऊन शिडी चढला व घसरून खालीं आला.

हें पत्र ज्यांच्या हातीं पडलें ते डॉ. लिओ कॅनर. १९४३ सालीं त्यांनीं अशा अकरा मुलांचा, आठ मुलगे व तीन मुली ह्यांचा, वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि स्वमग्नता ही एक स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकाच्या दप्तरीं दाखल झाली. (मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेव्हा ह्यांनीं १९२६ सालींच जर्मन भाषेंत अशा सहा मुलग्यांचें वर्णन केलें होतें, पण तिकडे कोण पाहतो!) लिफ्ट, झोपाळा, नळाचें वाहतें पाणी, अंडीं फेटण्याचें यंत्र, फार काय वारासुद्धां ह्या मुलांना घाबरवून सोडी. एक मूल तर धूळ शोषणारें विजेचें यंत्र ज्या कपाटांत ठेवीत त्याच्या जवळपासही फिरकत नसे. मुलानें स्वतः कितीही गोंगाट केला तरी त्याचें त्याला भय नाहीं. भय होतें तें न विचारतां आंत घुसणाऱ्या आवाजाचें. निरीक्षण मार्मिक खरें, परंतु त्यांतूनच एक घोटाळा उद्‌भवला. भय हें स्वमग्नतेचेंच एक अंग ठरलें. मग त्यावर निराळा उपचार कोण शोधणार?

पुढचीं तीन दशकें वादांत गेलीं. ही छिन्नमनस्कता तर नव्हे? दोष आईच्या थंड स्वभावाचा तर नव्हे? ह्या दुसऱ्या प्रश्नानें किती मातांना विनाकारण जाळलें ह्याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं. १९७७ सालीं सूझन फोलस्टीन व मायकेल रटर ह्यांनीं जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा वांटा मोठा असल्याचें दाखविलें, तेव्हां तो आरोप ढासळूं लागला.

एका मोठ्या निदानाची सावली पडली कीं दुसरा विकार तज्ज्ञांच्याही डोळ्यांस दिसेनासा होतो, हें अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं बौद्धिक अक्षमतेच्या संदर्भांत दाखवून दिलें. स्वमग्न मुलांनाही हीच बाधा झाली. १९९४ सालच्या अमेरिकन निदान-ग्रंथानें तर स्वमग्न मुलास अतिचंचलतेचा विकार असल्याचें निराळें निदान करण्यास मनाईच केली होती; ती २०१३ सालीं उठली. तत्पूर्वींच, २००८ सालीं, लंडनच्या एमिली सिमनॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दहा ते चौदा वर्षांच्या ११२ स्वमग्न मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांपैकीं शेंकडा ७० मुलांत दुसरा एक तरी मानसिक विकार आढळला, आणि शेंकडा ४१ मुलांत दोन किंवा अधिक.

मूल जितकें लहान तितकें हें ओळखणें बिकट. मोठें माणूस छातींत धडधडतें असें सांगेल. तीन वर्षांचें अबोल मूल आपला हात चावतें, रात्रभर जागें राहतें, ताट लोटून देतें. आई म्हणते, ‘आज ह्याचें कांहीं तरी बिनसलें आहे.’ पाहुणे म्हणतात, ‘अशीं मुलें अशींच.’ जाणते तज्ज्ञ आतां आईचें म्हणणें टिपून घेतात. आकांत कोणत्या वेळीं, कोणता आवाज झाल्यावर, कोण जवळ असतां, ह्या नोंदींवरून चिंताविकार वेगळा काढण्यास मदत होते. बोलत्या, थोड्या मोठ्या मुलांना चित्रांच्या साह्यानें, एकेक पायरी चढत, भीतीस सामोरें जाण्यास शिकवितां येतें, आणि त्याचा गुणही येतो. अबोल बालकांच्या बाबतींत बरेंचसें काम आईबापांच्याच हातून करवून घ्यावें लागतें.

तीनचाकीला भिणारा डोनाल्ड ट्रिप्लेट पुढें आपल्याच गांवच्या बँकेंत नोकरीस लागला. सत्ताविसाव्या वर्षीं तो मोटार चालविण्यास शिकला, नंतर एकट्यानें देशोदेशीं हिंडला, आणि २०२३ सालीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, वारला.