ब्लॅकबर्न बुडाले तेव्हा पुण्यात सव्वादोन वाजले होते

(वेळा इंग्लंडच्या. मे महिन्यात पुण्याचे घड्याळ साडेचार तास पुढे असते.)

रविवार, 6 मे 2012, संध्याकाळ

लंडनमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने स्टोकला 1-0 हरवले. जिब्रिल सिसेचा गोल सामना संपता संपता आला आणि त्याने तिकडे लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचा गळा आवळला. क्वीन्स पार्कचे 37 गुण झाले, बोल्टनचे 35, रोव्हर्सचे 31. रोव्हर्सचे सामने उरले दोन: सोमवारी घरच्या इवूड पार्कवर विगनशी आणि पुढच्या रविवारी चेल्सीशी. दोन्ही जिंकले तर 37. एकही बरोबरीत सुटला तरी खेळ खलास. प्रीमियर लीगच्या 20 संघांपैकी तळाचे तीन खालच्या लीगमध्ये जातात आणि वुल्व्हज आधीच गेले होते.

क्वीन्स पार्कचे मालक तेव्हा मलेशियाचे टोनी फर्नांडिस, ज्यांचे वडील मूळचे गोव्याचे. भागीदारीत लक्ष्मी मित्तल यांचे कुटुंब. रोव्हर्सचे मालक पुण्याचे वेंकीज. म्हणजे तळाची जीवघेणी शर्यतसुद्धा परक्या पैशांतच चालली होती. त्याच दिवशी मँचेस्टर सिटीने न्यूकॅसलला 2-0 हरवून विजेतेपदाकडे पाऊल टाकले. सिटीचे मालक अबू धाबीचे शेख मन्सूर. 2010-11 या एका वर्षात त्या क्लबला 19 कोटी पौंडांहून अधिक तोटा झाला होता आणि तो सोसायला मालक खंबीर होता. इतरांनी चूक केली तर ती सावरायला असा कोणी नव्हता.

सोमवार, 7 मे, सकाळी 9 (पुण्यात दुपारी दीड)

बँक हॉलिडे, सुट्टीचा दिवस. ब्लॅकबर्न हे जुने कापडगिरण्यांचे गाव. विदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला गांधीजी 1931 साली शेजारच्या डार्वेनला गेले होते. गावात आज गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. रोव्हर्सची स्थापना 1875 ची. 1888 साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या 12 क्लबांत ते होते आणि 1992 साली प्रीमियर लीग सुरू करणाऱ्यांतही. या दोन्ही यादीत नाव असलेले क्लब फक्त तीन.

इवूड पार्कवर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेला हा गावचाच माणूस. त्यांनी केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणले, ॲलन शिअररला विकत घेतले आणि 1995 साली रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. तेव्हाही लोक म्हणाले, पैशाने चषक विकत घेतला. खोटे नव्हते ते. खेळाचा तोल पैशाने ढळतो, मग पैसा गावचा असो की परका. फरक इतकाच की वॉकर लहानपणापासून त्या मैदानावर येत होते आणि काय बिघडले हे सांगायला लोकांना त्यांच्यापर्यंत पोचता येत होते.

दुपारी 3 (पुण्यात संध्याकाळी साडेसात)

पाच तास उरले. पण या सामन्याचा निकाल खरे तर दीड वर्षापूर्वीपासून लागत आला होता.

19 नोव्हेंबर 2010 रोजी वेंकीजने वॉकर ट्रस्टकडून क्लब 2.3 कोटी पौंडांना घेतला. कर्जाचा बोजा वेगळा. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभे केलेले हे कुक्कुटपालनाचे साम्राज्य. देशभर अंड्यांचा भाव ठरवणाऱ्या समितीमागेही तेच. आता सूत्रे अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ वेंकटेश व बालाजी राव यांच्या हाती होती. प्रीमियर लीगमधले पहिले भारतीय मालक! आपल्याकडे अभिमान वाटला आणि वाटायलाही हवा होता.

महिनाही झाला नाही तोच, 13 डिसेंबरला, मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना काढले. संघ तेराव्या क्रमांकावर होता, कसलेच संकट नव्हते. त्यांच्या जागी आले प्रशिक्षक स्टीव्ह कीन, ज्यांनी कोणताही वरिष्ठ संघ स्वतंत्रपणे सांभाळलेला नव्हता. फेब्रुवारीत अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले आणि त्यांच्याबरोबर क्लबची आठवणच गेली. रोनाल्डिन्यो येणार अशा बातम्या झाल्या. तो आला नाही. खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाण्याची जाहिरात केली. ऑक्टोबर 2011 मध्ये, ऐन मोसमात, संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून 3-0 जिंकला. मालकांशी बोलायचे तर मॅनेजरला पुण्याला विमान पकडावे लागे.

मला यात दुष्टपणा दिसत नाही. दिसते ती एक समजूत. आपल्याकडे लीग म्हणजे फ्रँचायझी: आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिमाखात उतरतो. अमेरिकी लीगही तशाच, आणि त्या मोसमात मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनलसह पाच क्लब अमेरिकी मालकांचे होते. इंग्लंडमध्ये तळ म्हणजे कडेलोट. मालक होऊ पाहणाऱ्याची लीग तेव्हा चाचणी घेई ती पैशाची आणि गुन्ह्यांची. खाली घसरण्याचा धोका त्याने मनात कितपत घेतला आहे, हे कोणी तपासत नसे.

संध्याकाळी 6 (पुण्यात साडेदहा)

हा संघ मुळात कमकुवत नव्हता. 31 डिसेंबर 2011 ला, युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाला असलेले रोव्हर्स ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला 3-2 हरवून आले होते. याकुबूचे दोन गोल, तिसरा तरुण ग्रँट हॅनलीचा. स्पर्धेत तोल असणे म्हणतात ते हेच, शेवटच्याने वरच्याला त्याच्या घरी जाऊन हरवणे.

पण जूनमध्येच फिल जोन्स युनायटेडला विकला गेला होता. फेब्रुवारीत बचावाचा खांब ख्रिस्तोफर साम्बा रशियाच्या अंझी मखाचकलाकडे गेला. तो क्लब अब्जाधीश सुलेमान केरिमोव्ह यांचा. श्रीमंतांच्या या साखळीत प्रत्येक कडी वरच्याला खेळाडू विकते, आणि ज्याच्याकडे योजना नसते त्याची भिंत आधी कोसळते.

रात्री 8 (पुण्यात साडेबारा)

पाऊस. शिट्टी. समोर विगन, मालक डेव्ह व्हेलन. 1960 च्या एफए कप अंतिम सामन्यात ते रोव्हर्सकडूनच खेळत होते आणि वेंब्लीवर त्यांचा पाय मोडला. बदली खेळाडू घेण्याची तेव्हा सोय नव्हती; रोव्हर्स दहा जणांनी खेळून 0-3 हरले. नंतर दुकाने काढून मोठे झालेल्या व्हेलन यांनी 1995 साली चौथ्या श्रेणीतले विगन घेतले आणि दहा वर्षांत प्रीमियर लीगमध्ये आणले.

आठ वाजून काही मिनिटे

प्रेक्षकांतून कोणीतरी जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला. ती ओल्या गवतावर सैरावैरा धावली, खेळ थांबला, तिला पकडून बाहेर नेले. जगभरच्या वाहिन्यांनी ते दृश्य हसत हसत दाखवले. मला त्यात हसण्यासारखे काही सापडत नाही. मोसमभर या लोकांनी फलक धरले, घोषणा दिल्या, पण मालकांकडून उत्तर आले नाही. पुण्यापर्यंत पोचेल असा निरोप त्यांना एवढाच सुचला. त्या मुक्या जिवाचे हाल झाले, हे मात्र वाईटच.

8:45, मध्यंतर

0-0. विगनला बरोबरी जवळपास पुरेशी, तरी हल्ले त्यांचेच जास्त.

पावणेदहाच्या सुमारास (पुण्यात सव्वादोन)

87 वे मिनिट. विगनला कॉर्नर. बोसेजूरने चेंडू उचलून टाकला, पॅराग्वेचा बचावपटू अँटोलिन अल्कारास उंच उडाला आणि त्याचे हेडर जाळ्यात. बचावपटूच्या डोक्याने, कॉर्नरवरून गोल. ज्या कामासाठी साम्बा होता, नेमके ते काम करायला तेव्हा तिथे कोणी नव्हते.

अखेरची शिट्टी

0-1. अकरा मोसमांनंतर रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर. तळाच्या संघालाही लीगकडून वर्षाला सुमारे 4 कोटी पौंड मिळत. खाली गेल्यावर आधार म्हणून चार वर्षांत मिळून 4.8 कोटी. कंत्राटे मात्र वरच्या लीगच्या भावाची. विगन वाचले.

पुढचे तास, पुढचे दिवस

उपमुख्याधिकारी पॉल हंट यांनी डिसेंबर 2011 मध्ये मालकांना पत्र लिहून मॅनेजर बदलण्याची विनंती केली होती. ते पत्र आता फुटले आणि हंट यांची नोकरी गेली. म्हणजे पुण्याला वेळेत कळवले गेले होते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त हेच बोचते: इशारा देणारा गेला आणि ज्यांच्याबद्दल इशारा होता ते कीन सप्टेंबरअखेरपर्यंत राहिले. त्यानंतर हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले, मायकेल ॲपलटन 67.

13 मे रोजी सिटी आणि युनायटेड दोघांचे 89 गुण झाले. गोलफरकावर चषक शेख मन्सूर यांच्या क्लबकडे गेला. 31 डिसेंबरचे ते तीन गुण रोव्हर्सनी युनायटेडकडून नेले नसते, तर चषक मँचेस्टरच्या दुसऱ्या टोकाला गेला असता.

7 मे 2017 रोजी रोव्हर्स ब्रेंटफर्डला 3-1 हरवूनही तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. वर्षभरात ते परत वर आले. वेंकीजने क्लब वाऱ्यावर सोडला नाही, वर्षानुवर्षे तोटा भरला, हेही तितकेच खरे आणि ते सांगायलाच हवे. शेजारच्या बरी या गावाचा क्लब 2019 मध्ये लीगमधून हाकलला गेला, तशी पाळी ब्लॅकबर्नवर आली नाही.

2025 मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. मालकाची पात्रता आता नियामक तपासणार आणि क्लबांना समर्थकांशी नियमित सल्लामसलत करावी लागणार. ब्लॅकबर्नच्या लोकांना अजून एक हवे आहे: मालकांनी इवूड पार्कवर येऊन, समोर बसून बोलावे.