असिदंष्ट्र: समुद्रातला आणि आकाशातला

तलवार मासा हा उष्ण व समशीतोष्ण समुद्रांतला मोठा शिकारी मासा. त्याचा वरचा जबडा पुढे वाढून चपटे, धारदार पाते बनते. मासळीच्या थव्यात ते आडवे फिरवून तो भक्ष्य जखमी करतो. पूर्ण वाढलेल्या माशाला दात नसतात, खवलेही उरत नाहीत. ग्रीकांनी तलवारीवरूनच त्याला झिफियस म्हटले आणि रोमनांनी ग्लॅडियस. 1758 मध्ये लिनीअसने दोन्ही शब्द जोडून शास्त्रीय नाव ठरवले, म्हणून त्यात तलवार दोनदा येते. अरबी समुद्रात कुप्यासाठी सोडलेल्या गळांना हा मासा लागतो. कोकणातली वाकटी पात्यासारखीच लांब आणि चकचकीत असली, तरी तिचे कूळ वेगळे.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. इथे हा मासा दिसतो तो आकाशात, असिदंष्ट्र या तारकासमूहाच्या रूपाने. असि म्हणजे तलवार, दंष्ट्रा म्हणजे सुळा. 1595 ते 1597 या काळात पूर्वेकडे निघालेल्या डच जहाजांवरील केइझर आणि हाउटमन यांनी दक्षिणेकडील ताऱ्यांचे वेध घेतले. त्यावरून प्लॅन्सियसने नवे तारकासमूह गोलावर मांडले. त्यांतला एक डोराडो. डोराडो हा मुळात उडणाऱ्या माशांचा पाठलाग करणारा सोनेरी मासा, आणि आकाशातही उडत्या माशाचा तारकासमूह त्याच्या शेजारीच ठेवला आहे. बायरच्या 1603 च्या नकाशांत डोराडोच आहे. 1627 च्या रुडॉल्फी कोष्टकांत मात्र झिफियस हे नाव आले. पुढे दोन्ही नावे चालली. आंतरराष्ट्रीय यादीत डोराडो टिकले, मराठीने तलवार मासा राखला. मूळ कल्पनेशी डोराडो अधिक प्रामाणिक आहे, पण रूढ झालेले सुंदर मराठी नाव बदलण्याचे कारण नाही.

धाराशिव सुमारे 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास, तुळजापूरजवळच्या बालाघाटाच्या कडेवरून दक्षिण क्षितिज मोकळे असेल, तर तेजस्वी अगस्त्याच्या उजवीकडे, किंचित वर, असिदंष्ट्राचा सर्वांत ठळक तारा सुमारे 17 अंश उंचीवर सापडतो. तो फारसा तेजस्वी नाही, त्यामुळे अंधारी रात्र हवी. मोठा मॅगेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण बहुतांशी याच तारकासमूहात आहे. तिच्यातच फेब्रुवारी 1987 मध्ये अतिनवतारा दिसला. 1604 नंतर इतका तेजस्वी दुसरा दिसला नव्हता. धाराशिवहून हा मेघ क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो आणि धुरकटीत हरवतो. तो नीट पाहायचा तर कन्याकुमारीकडे किंवा त्याहून दक्षिणेला जावे लागते.