उत्तर खरे कशावरून?

इंटरनेटवरील स्थळाला आपण नावाने हाक मारतो. यंत्रांना मात्र अंकी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तीत प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक असतो, आणि त्याच क्रमांकाचे उत्तर खरे मानले जाते. असे क्रमांक ६५,५३६. एखाद्या भामट्याने क्रमांक ओळखून खोटे उत्तर आधी धाडले, तर बँकेऐवजी आपण त्याच्या दारात पोहोचतो!

एवढे क्रमांकही अपुरे आहेत, हे डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवले. मग प्रश्न ज्या पोर्टातून निघतो, त्याचा अंकही यादृच्छिक निवडण्यावर भर आला.

राउटरसारख्या लहान उपकरणांसाठी ‘यूसीलिबसी’ ही सी भाषेची आटोपशीर लायब्ररी होती. तिची शेवटची आवृत्ती २०१२ ची. ती प्रश्नांना ओळीने क्रमांक देते, हे मे २०२२ मध्ये नोझोमी नेटवर्क्सच्या संशोधकांनी उघड केले. ‘यूसीलिबसी-एनजी’ या तिच्या नव्या शाखेत त्याच महिन्यात दुरुस्ती झाली. पण उत्पादकाने नवी आवृत्ती दिल्याशिवाय आणि आपण ती बसवल्याशिवाय घरातला जुना राउटर सुधारत नाही.

वर्गात चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून पाहू या: ओळीने घातलेला पुढचा क्रमांक कोण ओळखणार नाही?