वर्णरेषा आणि हेवीवेट मुष्टियोद्ध्याचा 'स्वभाव' (१८८९–१९५१)

मुष्टियुद्धविषयक वाङ्मयात योद्ध्याच्या स्वभावास फार मोठे स्थान दिलेले आढळते. अमुक योद्धा जात्याच सावध, तमुक जात्याच आक्रमक. स्वभाव तसा म्हणून लढण्याची पद्धती तशी, आणि पद्धती तशी म्हणून उत्कर्ष किंवा अपकर्ष तसा, अशी कार्यकारणांची साखळी क्रीडावृत्तकारांनी पिढ्यानुपिढ्या मांडलेली आहे. ही साखळी दुसऱ्या टोकाकडून तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय. योद्ध्यापुढे उत्कर्षाची कोणती वाट मोकळी होती व कोणती बंद होती हे आधी पाहिले, तर त्याच्या पद्धतीचा आणि ज्याला स्वभाव म्हटले गेले त्याचाही अर्थ वेगळा लागतो, असे आमचे मत आहे. या मताच्या पडताळणीसाठी अमेरिकेतील हेवीवेट गटाचा १८८९ ते १९५१ पर्यंतचा इतिहास घेतला आहे. कारण या काळात वाट बंद करणारी शक्ती कोणती होती, याविषयी संदेहास जागा नाही.

हेवीवेट गटास वजनाची वरची मर्यादा नसते. त्यामुळे या गटाचा विजेता हा केवळ एका गटाचा विजेता न राहता जगातील सर्वांत बलवान पुरुष मानला जाऊ लागला. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन एल. सलिव्हनने जेक किलरेन यास ७५ फेऱ्यांनंतर हरविले. उघड्या मुठींनी झालेली हेवीवेट विजेतेपदाची ही अखेरची लढत समजली जाते. याच सलिव्हनने १८९२ साली जगातील मुष्टियोद्ध्यांस जाहीर आव्हान दिले, तेव्हा त्यातून कृष्णवर्णीयांस स्पष्ट शब्दांत वगळले. गौरवर्णीय विजेत्याने कृष्णवर्णीय आव्हानवीराशी विजेतेपदासाठी लढावयाचे नाही, या निर्बंधास इतिहासकार 'वर्णरेषा' म्हणतात. या रेषेचा पहिला मोठा बळी पीटर जॅक्सन हा होय. सेंट क्रॉई बेटावर जन्मलेल्या व ऑस्ट्रेलियात नावारूपास आलेल्या या योद्ध्याने २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्यांची अनिर्णित लढत दिली. पुढील वर्षी कॉर्बेट सलिव्हनला हरवून विजेता झाला. जॅक्सनला मात्र विजेतेपदासाठी लढण्याची संधी अखेरपर्यंत लाभली नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. कमी वजनाच्या गटांत याच काळात कृष्णवर्णीय विजेते होऊन गेले. जॉर्ज डिक्सन हा १८९० पासून, वेल्टरवेट गटातील जो वॉल्कट १९०१ पासून आणि लाइटवेट गटातील जो गॅन्स १९०२ पासून विजेतेपदावर होता. देश तोच, प्रेक्षक तेच, वृत्तपत्रेही तीच. तेव्हा कृष्णवर्णीय योद्ध्याच्या अंगी विजेत्यास लागणारे धैर्य नसते हे जे कारण हेवीवेट गटाबाबत पुढे केले जाई, ते वस्तुस्थितीस धरून नव्हते हे उघड आहे. वर्णश्रेष्ठत्वाची प्रतिष्ठा ज्या पदास चिकटली होती, तेवढ्याच पदाभोवती पहारा होता.

या पहाऱ्याच्या बाहेर जॅक जॉन्सन घडला. १८७८ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे जन्मलेल्या जॉन्सनची पद्धती बचावप्रधान होती. प्रतिपक्ष्याचा ठोसा वाटेतच उघड्या तळहाताने अडवावा, त्याचे दंड धरून त्याचे बळ निष्फळ करावे आणि तो थकला वा चिडला म्हणजे खालून वर जाणारा ठोसा हाणावा, असा त्याचा क्रम असे. या पद्धतीचे मूळ शोधताना १९०१ सालच्या एका घटनेकडे लक्ष जाते. त्या वर्षी फेब्रुवारीत जो चॉइन्स्की या वजनाने हलक्या पण अनुभवी योद्ध्याने जॉन्सनला तिसऱ्या फेरीत बाद केले. टेक्सासमध्ये पैशासाठी मुष्टियुद्ध करणे तेव्हा बेकायदेशीर असल्यामुळे दोघांसही अटक झाली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ ते एकाच तुरुंगात राहिले. तेथे चॉइन्स्कीने जॉन्सनला बचावाचे धडे दिले. म्हणजे जो बचाव पुढे जॉन्सनचा जन्मजात स्वभाव म्हणून वर्णिला गेला, त्याचा काही भाग तरी पराभवानंतर शिकून घेतलेला होता.

या पद्धतीची किंमत जॉन्सनला लवकरच मोजावी लागली. २८ मार्च १९०५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे मार्व्हिन हार्टशी त्याची २० फेऱ्यांची लढत झाली. पंच अलेक्स ग्रेगेन्स याने हार्ट अधिक आक्रमक होता या मुद्द्यावर त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी जिम जेफ्रीज निवृत्त झाला व रिकाम्या झालेल्या विजेतेपदासाठी हार्टची निवड होऊन तो विजेताही झाला. जॉन्सनला त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्स त्याच्याशी लढण्यास तयार झाला, तो ३०,००० डॉलरांच्या हमीवर. जॉन्सनच्या वाट्यास ५,००० डॉलर आले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबविली आणि जॉन्सन विजेता ठरला.

या लढतीत आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जेफ्रीजविरुद्ध झालेल्या लढतीत जॉन्सन हसत होता, प्रतिपक्ष्याशी व प्रेक्षकांशी बोलत होता. त्याच्या टीकाकारांनी यास उद्दामपणा म्हटले, आणि त्यापूर्वी हेच टीकाकार त्याला भित्रा म्हणत आले होते. एकाच माणसाच्या एकाच सावध पद्धतीस पराभवानंतर भित्रेपणा व विजयानंतर उद्दामपणा ही नावे मिळावीत, यावरून ही स्वभाववर्णने प्रमाण म्हणून कितपत ग्राह्य आहेत याची कल्पना येते. रेनोच्या निकालानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत दंगे झाले. १९१२ साली काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रपटांची आंतरराज्य वाहतूक कायद्याने बंद केली. या अस्वस्थतेस अमेरिकेची सीमा नव्हती. १९११ साली लंडन येथे जॉन्सन व बाँबार्डियर बिली वेल्स यांची ठरलेली लढत ब्रिटिश गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी होऊ दिली नाही. गौरवर्णीयाचा पराभव झाल्यास साम्राज्यातील प्रजेवर काय परिणाम होईल, ही चिंता त्या वेळच्या चर्चेत उघडपणे व्यक्त झाली होती. साम्राज्याच्या प्रजेत तेव्हा आपलाही समावेश होता, हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको.

१९१३ साली मॅन कायद्याखाली दोषी ठरल्यावर जॉन्सन देश सोडून गेला व ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलर्डकडून सव्विसाव्या फेरीत पराभूत झाला. पुढे १९२० साली त्याने शरण येऊन शिक्षा भोगली. त्याला मरणोत्तर माफी मिळाली ती २०१८ साली.

जॉन्सनला निदान विजेतेपद तरी लाभले. सॅम लँगफर्डला तेही लाभले नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात जन्मलेला हा योद्धा उंचीने जेमतेम साडेपाच फुटांच्या वर होता. परंतु त्याच्या ठोशांची धास्ती आपल्याहून कितीतरी वजनदार योद्ध्यांस वाटे. पद्धतीने तो जॉन्सनच्या उलट, पुढे सरसावून लढणारा होता. १९०६ साली जॉन्सनने त्याला १५ फेऱ्यांत हरविले. पण स्वतः विजेता झाल्यावर जॉन्सनने त्याला पुन्हा संधी दिली नाही. गौरवर्णीय आव्हानवीराशी लढल्यास प्रेक्षक अधिक जमत व बिदागीही अधिक मिळे. वर्णरेषा ही केवळ द्वेषाची रेषा नव्हती, ती बाजारभावाचीही रेषा होती, आणि तिच्या पलीकडे एकदा पोहोचलेला कृष्णवर्णीय विजेतासुद्धा त्याच भावाने हिशेब करू लागला, हे या इतिहासातील एक कटू सत्य आहे.

परिणामी लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे व हॅरी विल्स यांना वर्षानुवर्षे एकमेकांशीच लढावे लागले. लँगफर्ड व विल्स यांच्यात पंधराहून अधिक लढती झाल्या. १७ एप्रिल १९०९ रोजी पॅरिस येथे जेनेट व मॅकव्हे ४९ फेऱ्या लढले आणि मॅकव्हे उठू शकला नाही तेव्हाच लढत संपली. विल्सला न्यूयॉर्कच्या क्रीडामंडळाने अधिकृत आव्हानवीर मानले होते. तरीही १९२६ साली जॅक डेम्प्सीने लढत दिली ती जीन टनीला, आणि ती न्यूयॉर्कऐवजी फिलाडेल्फिया येथे झाली. लँगफर्ड दृष्टी क्षीण होत असतानाही लढत राहिला. १९४४ साली अल लेनी या पत्रकाराने त्याला शोधून काढले तेव्हा तो हार्लेममध्ये अंध व निर्धन अवस्थेत दिवस कंठीत होता. आक्रमक पद्धती, निर्विवाद धैर्य व अपार कष्ट, हे सारे असूनही त्याचा उत्कर्ष झाला नाही. स्वभावातून पद्धती व पद्धतीतून भवितव्य ही साखळी येथे पुरती तुटते.

विलर्डच्या विजयापासून २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयास हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. ही कोंडी जो लुईने फोडली. अलाबामात १९१४ साली जन्मलेला व डेट्रॉइटमध्ये वाढलेला हा तरुण जुलै १९३४ मध्ये व्यावसायिक झाला. त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो व ज्युलियन ब्लॅक आणि शिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे तिघेही कृष्णवर्णीय होते. ब्लॅकबर्न हा स्वतः जॉन्सनच्याच काळातील मुष्टियोद्धा. पंचांचा निर्णय कृष्णवर्णीयाच्या बाजूने लागेल या भरवशावर राहू नये. प्रतिपक्ष्यास बाद करून निर्णयाचा प्रश्नच उरू देऊ नये, ही त्याची शिकवण होती. पावले अखूड टाकावीत, तोल ढळू देऊ नये आणि थोड्या अंतरावरून, परंतु एकापाठोपाठ एक अचूक ठोसे मारावेत, ही लुईची सुप्रसिद्ध पद्धती या शिकवणीतून सिद्ध झाली. १९०५ साली जॉन्सनने जे गमावले, त्याचाच धडा १९३४ साली लुईस दिला जात होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. दोघांच्या पद्धती परस्परविरुद्ध दिसतात. तथापि दोन्ही एकाच बंद दाराला दिलेली उत्तरे आहेत.

लुईच्या मुद्रेविषयीही हेच म्हणता येते. त्याचा निर्विकार चेहरा पाहून वृत्तकारांनी त्याला कधी यंत्र, कधी वन्य पशू तर कधी झोपाळू ठरविले. वस्तुतः त्याच्या व्यवस्थापकांनी वर्तनाचे नियमच घालून दिले होते आणि ते वृत्तपत्रांतून प्रसृतही केले होते. पडलेल्या प्रतिपक्ष्यापुढे आनंद व्यक्त करावयाचा नाही, गौरवर्णीय स्त्रीसमवेत छायाचित्र काढू द्यावयाचे नाही, असे त्यांतील काही नियम होते. प्रत्येक नियमामागे जॉन्सनची सावली दिसते.

१९ जून १९३६ रोजी मॅक्स श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत बाद केले. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात खाली आणतो, हा दोष श्मेलिंगने हेरला होता. या पराभवानंतरही २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकशी लढण्याची संधी श्मेलिंगच्या आधी लुईला मिळाली, ती आयोजक माइक जेकब्सच्या भावी नफ्यात ब्रॅडॉकला दहा वर्षे वाटा देण्याच्या करारामुळे. वर्णरेषा उभी राहण्यात जसा पैशाचा भाग होता, तसाच ती पुसली जाण्यातही होता. बरोबर एक वर्षाने लुईने श्मेलिंगला १२४ सेकंदांत हरविले. विजेतेपद त्याने ११ वर्षे ८ महिने राखले व २५ वेळा यशस्वीपणे टिकविले.

तरीही अखेर सुखाची झाली नाही. १९४९ साली निवृत्त झालेल्या लुईस प्राप्तिकराच्या थकबाकीने पुन्हा रिंगणात आणले. ही थकबाकी पुढे पाच लाख डॉलरांहून अधिक झाली. १९५० साली एझार्ड चार्ल्सने आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला हरविले, तेव्हा त्याचे वय ३७ वर्षांचे होते. मस्तकावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूस कायमची इजा होते, हे वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच दाखवून दिले होते. परंतु ज्याच्यापुढे उदरनिर्वाहाची दुसरी वाट नाही, त्याला वैद्यकीय ज्ञान थांबवू शकत नाही. अशा पुनरागमनास अभिमान वा हट्ट म्हणण्याची प्रथा आहे. लुईच्या बाबतीत तरी हिशेबाची वही अधिक बोलकी आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, परिस्थितीच सर्व ठरवीत असेल तर जॉन्सन व लँगफर्ड एकाच परिस्थितीत इतके भिन्न कसे? हा आक्षेप योग्य आहे. देहयष्टी, बुद्धी व वृत्ती यांचे भेद खरे असतात आणि परिस्थिती ते निर्माण करीत नाही. मात्र त्यांपैकी कोणत्या भेदास फळ मिळेल, कोणत्यास दंड होईल आणि कोणत्यास काय नाव दिले जाईल, हे ती ठरविते.

म्हणून अभ्यासकाने त्या काळच्या वृत्तपत्रांतील स्वभाववर्णने योद्ध्याविषयीचा पुरावा म्हणून घेण्यापूर्वी ती वर्णन करणाऱ्याविषयीचा पुरावा म्हणून तपासावीत. लढतींचे करार, बिदागीची विभागणी, पंचांनी निर्णयासाठी दिलेली कारणे आणि न झालेल्या लढतींची यादी ही साधने त्या दृष्टीने अधिक विश्वसनीय आहेत. यांतील अखेरचे साधन विशेष महत्त्वाचे आहे. कारण लँगफर्डचा इतिहास त्याने दिलेल्या लढतींइतकाच त्याला नाकारलेल्या लढतींत आहे. ज्यास दारच उघडले गेले नाही, त्याच्या अपयशाचे कारण त्याच्या स्वभावात शोधणे म्हणजे जुना अन्याय इतिहासाच्या नावाने पुन्हा करणे होय.