पटाच्या बैलाची खरेदी

वऱ्हाडात, आणि म्हणून आजच्या वाशीम जिल्ह्यातही, बैलजोड्यांच्या शर्यतीला ‘शंकरपट’ म्हणतात; हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी ठरावीक अंतर किती कमी वेळात कापते, यावर तिचा क्रम लागतो. पटात नाव काढलेला बैल दुसऱ्याकडून विकत घेणे हा या प्रथेतील सर्वांत धाडसी व्यवहार होय, कारण नांगराच्या बैलात ताकद व शांतपणा पाहतात, तर येथे वेगाची किंमत मोजावी लागते आणि तो बाजारात उभ्या जनावराच्या अंगावर दिसत नाही. वय दातांवरून कळते. पण पक्के आठही दात आले, म्हणजे बैल ‘जुळला’, की पुढचे वय अंदाजानेच सांगतात. मुरलेला लंगडेपणा किंवा जुन्या धन्याच्याच हाकेला धावण्याची सवय घरी आल्यावर उघड होते. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवी, त्यामुळे शेजारच्या गिऱ्हाइकालाही तो समजत नसे. एवढी जोखीम पत्करली जाई ती मुख्यतः गावातील मानासाठी, आणि हा मान खराच मोलाचा होता.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींना मनाई केली, तेव्हा अशा बैलाचे मोल शेतकामापुरते उरले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली, तेव्हा वेगाला पुन्हा कायदेशीर बाजार मिळाला.