तिसऱ्या सिलिंडरचा दाब

आमच्या माण भागात मोटार आली ती दोन वाटांनी. एक वाट एसटीची. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. पण एसटी सडक सोडून आत यायची नाही. ओढ्यातून, नांगरटीतून, वाडी-वस्तीच्या दारापर्यंत आली ती जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीनं लष्करासाठी बनवलेली ही गाडी. महिंद्रांनी 1947 पासून तिचे सुटे भाग आणून इथं जोडायला सुरुवात केली. आधी ती साहेबांकडं दिसायची, मग ब्लॉक ऑफिसात, साखर कारखान्यांत, पुढाऱ्यांच्या दारात. तिथं तिचं हाड खिळखिळं झालं की लिलाव व्हायचा, आणि मग ती आमच्यासारख्यांच्या घरी यायची.

तिचं वय तेव्हा वीस वर्षांच्या आसपास असायचं. मालक बदलायचे, पत्रा बदलायचा, हूड फाटून ताडपत्री यायची. पण गाडी चालू राहायची, कारण इंजिन पुन्हा पुन्हा बांधता यायचं. बोअर मारून सिलिंडर मोठं करायचं, त्यात ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या, क्रँक घासायचा, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा कापायच्या. या कामाला आमच्याकडं ‘इंजिन बांधणं’ म्हणत. विहीर बांधावी तसं.

हे काम करणारे मिस्त्री कुठल्या शाळेतून आले नव्हते. कुणी लोहाराच्या भात्याशेजारी वाढलेला, कुणी लष्करातून ड्रायव्हर म्हणून परत आलेला, कुणी मुंबईच्या गॅरेजात हेल्परकी केलेला. 1972 च्या दुष्काळानंतर त्यांत आणखी एक भर पडली. खडी फोडायला गेलेल्या घरांतली पोरं. शेत पिकत नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आई-बापांनी त्यांना गॅरेजात आणून सोडलं. जेवण आणि चहावर.

आमच्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, लिलावात घेतलेली जीप उंच बॉनेटची होती. विलीजनं 1953 साली हे मॉडेल काढलं आणि महिंद्रांनी ते आपल्याकडं पुढं कैक वर्षं चालवलं. बॉनेट उंच करावं लागलं ते आतल्या ‘हरिकेन’ इंजिनामुळं. चार सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं, 2199 सीसी. युद्धातल्या जीपच्या इंजिनाचेच बोअर आणि स्ट्रोक त्याला होते. पण जुन्यात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकात असत. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर सोडणारे एक्झॉस्ट खालीच ठेवले. ही रचना ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

काकूच्या पाटल्या गहाण पडल्या आणि इंजिन बांधायला टाकलं. महिनाभर काम चाललं. म्हसवडच्या सिद्धनाथाची मार्गशीर्षातली रथयात्रा आठ दिवसांवर आलेली. यात्रेची माणसं वाहिली की सावकाराचं निम्मं देणं फिटणार, असा आबांचा हिशेब. इंजिन सुरू झालं, पण तीन पायांवर लंगडणाऱ्या बैलासारखं. बॉनेट थरथरायचं, सायलेन्सर मध्येच फुसकन आवाज करायचा, आणि साध्या चढाला उचल नाही.

गॅरेजात एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. पिस्टनला रिंगा त्यानं चढवल्या होत्या. गावातल्या दोघा-चौघा जाणत्यांनी लगेच निकाल दिला: पोरानं रिंग मोडली. आबाही तापले. “मिस्त्री, माझं इंजिन तुम्ही पोरांच्या हातात दिलंत? हेड उतरवा, पिस्टन काढा आणि दाखवा मला.”

हेड उतरवायचं म्हणजे नवी गॅस्केट गेली, पाणी-तेल काढणं आलं, चार दिवस गेले. आणि पोराचं पोट गेलं ते वेगळंच. त्याचा बाप तालीवर मजुरी करायचा. पोराला घरी पाठवलं असतं तर तोही तिथंच.

मिस्त्री म्हणाले, “आबा, पोराला बोल लावू नका. आधी इंजिनला विचारू. ते खोटं बोलत नाही.”

त्यांनी इंजिन मंद चालू ठेवलं आणि एकेका प्लगची वायर काढून परत लावली. एक नंबरची काढली, इंजिन खचलं. दोनची काढली, खचलं. तीनची काढली, तर काही फरकच नाही. चारला पुन्हा खचलं. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. मग तीनचा प्लग दोनमध्ये आणि दोनचा तीनमध्ये घातला. बिघाड प्लगबरोबर हलला नाही, तीनमध्येच राहिला. प्लगवरचा संशय गेला.

नंतर इग्निशन बंद करून पुढून हँडल घातलं. मला म्हणाले, “अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, उलटं आलं तर मनगट जाईल. आता सावकाश फिरव.” हँडलचे दोन फेरे म्हणजे चार सिलिंडरांचे चार दाब. हाताला तीन कळले. चौथ्याच्या जागी हँडल रिकाम्या रहाटासारखं सुळकन पुढं गेलं.

तालुक्याहून कंप्रेशन गेज मागवला. चारही प्लग काढले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ मारले. तिघांत काटा शंभराच्या वर गेला, तिसऱ्यात चाळिशीला अडला. आबा म्हणाले, “नवं इंजिन आहे, रिंगा बसायच्यात अजून.” मिस्त्रींनी मान हलवली. रिंगा बसायच्या असतील तर चारही थोडे थोडे कमी दाखवतील. तिघं बरोबर आणि एकच उपाशी, असं त्यानं होत नाही.

आता पोराच्या जिवाचा प्रश्न. मिस्त्रींनी तिसऱ्या प्लगच्या भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावला. तेल पिस्टनच्या कडेला जाऊन थोडा वेळ रिंगेची फट बुजवतं. रिंग मोडलेली असती तर काटा चढला असता. काटा चाळिशीवरून हलला नाही. पोरगा गाडीच्या मागं उभा होता. कुणी काही बोललं नाही, पण तो पुढं आला आणि हातात पाना घेऊन थांबला.

शेवटची परीक्षा हवेची. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढलेली, आणि त्याच्या कवचाला ट्यूबचा व्हॉल्व्ह पितळेनं जोडलेला, असं एक आयुध मिस्त्रींकडं होतं. फायरिंगचा क्रम 1-3-4-2. म्हणून टायमिंगची खूण एकला जुळवली आणि तिथून हँडल अर्धा फेरा फिरवलं. तिसरा पिस्टन दाबाच्या टोकाला आला. गाडी गिअरात टाकून चाकांना दगड लावले, नाहीतर हवेनं इंजिन फिरलं असतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि मिस्त्री म्हणाले, “आता सगळ्यांनी गप्प बसा.”

बंद सिलिंडरात हवा भरली की ती जिथून पळते तिथं दोष. कार्बोरेटरमध्ये फुसफुसली तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरात बुडबुडे उठले, किंवा शेजारच्या प्लगच्या भोकातून वारं आलं, तर गॅस्केट. आम्ही एकेका ठिकाणी कान लावला. हवा सायलेन्सरच्या टोकातून येत होती. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

हरिकेनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकात, म्हणून त्याचं टॅपेट बघायला हेड उतरवावं लागत नाही. ब्लॉकच्या बगलेचं झाकण काढलं. मिस्त्रींनी फिलर गेजची पाती फटीत सारून बघितली. एक, दोन आणि चारला सोळा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे सोळा भाग, बरोबर होते. तीनमध्ये सगळ्यात पातळ पातंही शिरेना. टॅपेटनं व्हॉल्व्ह खालून उचलून धरला होता.

मिस्त्री थोडा वेळ तसेच उकिडवे बसले. मग म्हणाले, “आबा, हे माझं काम. टॅपेट मी लावली होती. नंतर तिसऱ्याची सीट बरोबर बसेना म्हणून पुन्हा कापून घेतली. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल बसतो, त्याची दांडी टॅपेटकडं सरकते आणि फट संपते. पुन्हा मोजायला पाहिजे होतं. राहिलं.”

टॅपेटचा स्क्रू फिरवून सोळा थाऊची फट दिली. गेज लावला. तिसराही शंभराच्या वर गेला. व्हॉल्व्ह वाचला होता. तशीच आठवडाभर गाडी पळवली असती तर तो जळाला असता, कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. यात्रेला जीप गेली.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडच्या जीपांना प्युजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन आलं. पेट्रोल परवडेना, वडापवाल्यांनी हरिकेनं भंगारात दिली. डिझेलला प्लग नाही, वायर नाही. पुष्कळ जुने मिस्त्री तिथं थांबले. तो पोरगा थांबला नाही. त्यानं पुढं सडकेला पत्र्याची शेड टाकली. डिझेल गाडी मिस मारत आली की तो इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचा, आणि जिथं आवाज बदलत नाही तो सिलिंडर धरायचा. वायर काढायची तीच रीत, फक्त पाना वेगळा.

त्याच्या शेडमध्येही पुढं हेल्पर पोरं आली. गिऱ्हाईक तापून “कुणी बांधलं हे?” म्हणून विचारायला लागलं, की तो आधी पोराला चहा आणायला पाठवायचा, आणि मग इंजिन सुरू करायला सांगायचा.